दोनशे कोरे फॉर्म

माझ्या नवऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही. बाकी त्याला बरंच काही येतं. तीस वर्षं पाइपलाइनची डिझाइनं केली, कुठला पाइप किती प्रेशरला फुटेल हे तो झोपेतही सांगेल. पण समोरचा माणूस मराठीत दोन वाक्यं गोड बोलला की श्रीरंग पाघळलाच. आणि अशा माणसाला काउंटरवर बसवून मी मेडिकल सामानाचा धंदा काढला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

मी स्वतः एकोणीस वर्षं ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलच्या खरेदी विभागात होते. ग्लोव्ह्जपासून ऑक्सिजनच्या नळ्यांपर्यंत काय कुठून येतं, कोण वेळेवर देतं आणि कोण नुसतंच गोड बोलतं, सगळं मला पाठ. मग एका बुधवारी व्हिडिओ कॉलवर कळलं की आमचा अख्खा विभाग दुसऱ्या राज्यात हलवलाय आणि आमची गरज नाही. कॉल अकरा मिनिटांचा होता, मी घड्याळ पाहिलं. बाप्पा, मेथी निवडायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. त्या दिवशी मी रडले नाही. फक्त ठरवलं की आता कुणाच्या हाताखाली काम करायचं नाही. छप्पन्नाव्या वर्षी मला माझं स्वतःचं काहीतरी हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

श्रीरंग तेव्हा नुकताच रिटायर झाला होता. "मी आहे ना मदतीला," म्हणाला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शुगर लँडच्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, स्टॅफर्डला, एक गाळा भाड्याने घेतला. एका बाजूला फरश्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला कराटेचा क्लास. रॅक लावले, त्यावर व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, मोठ्यांचे डायपर, ड्रेसिंगचं सामान. राज्याचं परमिट काढलं, विमा काढला, फोनची वेगळी लाइन घेतली. दारावर पाटी लावली आणि पाटीखाली वेळ: सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. एवढं सगळं होईपर्यंत सहा महिने गेले आणि तरी खरं काम राहिलंच होतं.

ते म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा सप्लायर नंबर. तो असेल तर हॉस्पिटलं, वृद्धाश्रम, घरी नर्स पाठवणाऱ्या कंपन्या तुमच्याशी बोलतात. नसेल तर तुम्ही नुसते कुबड्या विकणारे दुकानदार. रोझेनबर्गच्या एका वृद्धाश्रमाची मॅनेजर मला स्पष्ट म्हणाली होती, ऑगस्टअखेर नंबर आला तर आमचं सगळं सामान तुझ्याकडून, नाही आला तर आम्ही दुसरा सप्लायर बघणार. गाळ्याचा करारही ऑगस्टलाच संपत होता. म्हणजे नंबर आला तर धंदा, नाही तर आवरा आणि घरी बसा.

नंबर द्यायच्या आधी तपासणी होते. इन्स्पेक्टर सांगून येत नाही. अर्जात जी यादी दिलीय त्यातली प्रत्येक वस्तू सीरियल नंबरासकट जागेवर पाहिजे. कुणाला भाड्याने दिली असेल तर त्याच्या सहीचा कागद पाहिजे. यात गडबड निघाली तर पुढचा अर्ज एक वर्षाने. हे मी श्रीरंगला तीनदा सांगितलं, एकदा तर बोटांवर मोजून सांगितलं.

आता आमच्या लोकांबद्दल सांगते. उन्हाळा लागला की इथे प्रत्येक घरात भारतातून आईवडील येतात. पाचसहा महिने राहतात. त्यातला कुणी पडतो, कुणाचा गुडघा धरतो, कुणाला विमानतळावर चालवत नाही. मग मुलाला आठवतं, अरे, श्रीरंगदादांनी व्हीलचेअरचं दुकान काढलंय ना! चार महिन्यांसाठी विकत कशाला घ्यायची? आणि भाड्याने तरी कशाला, आपलेच आहेत ते. फुकट ते पौष्टिक.

मार्चपासून हे सुरू झालं. एक वॉकर गेला तो महिन्याने परत आला, त्याच्या दांड्यावर साडीचा गुलाबी रंग उतरलेला. विचारलं तर म्हणे, अंगणात कपडे वाळत घातले की सोसायटीचं पत्र येतं, म्हणून गॅरेजमध्ये याच्यावरच घालत होतो, फार सोयीचा आहे हो! कमोड चेअर एका घरी गेली ती तिथेच राहिली, कारण आजींना तिच्यावर बसून टीव्ही बघायला आवडतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

मी दोनशे फॉर्म छापून आणले. नाव, पत्ता, वस्तू, सीरियल नंबर, नेल्याची तारीख, परत करायची तारीख, सही. भाडं शून्य लिहा म्हटलं, माझी हरकत नाही, पण सही घ्या.

"अगं, आपल्या माणसांकडून सही घ्यायची?" श्रीरंग म्हणाला. "काय वाटेल त्यांना? की आमच्यावर विश्वास नाही?"

"भीड भिकेची बहीण असते, श्रीरंग."

"हो, पण तू असं तोंडावर कसं म्हणणार?"

"मी म्हणेन ना! ठणकावून म्हणेन. तू फक्त त्यांना माझ्याकडे पाठव."

त्याने कुणालाच माझ्याकडे पाठवलं नाही. मी भांडून भांडून गेलेलं सगळं सामान परत आणवलं, अगदी आजींच्या बुडाखालची कमोड चेअरसुद्धा. मग काउंटरवर ठळक मराठीत लिहून चिकटवलं: 'कोणतीही वस्तू उसनी मिळणार नाही.' श्रीरंग पुण्याचा असूनही त्याला त्या पाटीची लाज वाटली. पण यापुढे काही देणार नाही म्हणून त्याने मला वचन दिलं, आणि जून महिना शांततेत गेला. निदान मला तसं वाटत होतं.

जुलैतला एक मंगळवार, साडेअकराची वेळ. बाहेर ऊन असं की पार्किंगमधला डांबराचा वास दारातून आत येत होता. श्रीरंग मागे डायपरची खोकी लावत होता. दार उघडून एक तिशीचा मुलगा आत आला, चेहऱ्याने आपल्यातलाच, घामाघूम, हातात टॅब्लेट. त्याने गाळाभर नजर फिरवली, माझी पाटी एकेक अक्षर लावत वाचली आणि हसला.

"नमस्कार मावशी," तो म्हणाला. उच्चार इथे जन्मलेल्या मुलांचा. "मला व्हीलचेअर्स बघायच्या आहेत."

माझं डोकंच फिरलं. "बघायच्या की न्यायच्या?"

"सॉरी?"

"कोण आलंय, आई की बाबा? किती महिन्यांसाठी? आणि माझा पत्ता कोणी दिला, मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय का? पाटी वाचलीस ना? मग? अरे, एवढाल्या गाड्या चालवता तुम्ही, आणि आईबापांसाठी एक खुर्ची विकत घेताना हात आखडतो? इथे उसनं काही मिळत नाही. ओळखीचा असशील तर दोनदा नाही!"

हे सगळं मी एका दमात बोलले आणि खरं सांगते, बोलून फार बरं वाटलं. त्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला किती कळलं कोण जाणे. मग खिशातून ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. नाव देव. खाली लिहिलं होतं, साइट इन्स्पेक्टर.

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"इट्स ओके, मावशी," तो म्हणाला. "माझी आई पण अशीच बोलते."

त्याने काम सुरू केलं. दारावरच्या वेळेचा फोटो काढला. परमिट पाहिलं, विमा पाहिला, स्वतःच्या मोबाइलवरून आमच्या फोनला रिंग देऊन बघितली. सगळं चोख होतं आणि माझा जीव हळूहळू जागेवर येत होता. मग तो यादी घेऊन रॅककडे गेला. सहा व्हीलचेअर, सहा खोकी. पहिलं उघडलं, नंबर जुळवला. दुसरं, तिसरं. चौथं त्याने नुसतं पुढे ओढलं आणि ते एका बोटाने सरकलं. खोकं रिकामं होतं.

डायपरच्या रॅकमागून श्रीरंग बाहेर आला. त्याचा चेहरा बघूनच मला सगळं कळलं.

"ती... आपल्या मंडळातल्या विनीताकडे आहे," तो म्हणाला. "तिचे बाबा आलेत ना चिपळूणहून. टबमध्ये घसरले, घोटा मोडला. रडत आली होती गं ती. तू बँकेत गेली होतीस."

"कधी?"

"चार आठवडे झाले."

म्हणजे चार आठवडे हा माणूस रिकामं खोकं रॅकवर नीट दर्शनी लावून ठेवत होता. तीस वर्षांच्या इंजिनिअरिंगचा हा उपयोग! मला त्याला तिथल्या तिथे उभा चिरावासा वाटला, पण समोर सरकारी माणूस होता.

"रेंटेड आउट? नो प्रॉब्लेम," देव म्हणाला. "जस्ट शो मी द पेपर."

मी ड्रॉवर उघडला. दोनशे फॉर्मचा गठ्ठा तसाच होता, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. एक सही. एक सही असती तर तो पुढच्या खोक्याकडे गेला असता.

आणि मग मी काय केलं ते सांगते, लपवून काय उपयोग. मी काउंटरच्या बाहेर आले, आवाज मऊ केला आणि म्हणाले, "देव, बाळा, तू आपल्यातलाच आहेस. एका खुर्चीचं काय एवढं? संध्याकाळपर्यंत आणून ठेवते. तू आत्ता आहे म्हणून लिही ना."

बोलत असतानाच मला माझा आवाज ऐकू आला. तो हुबेहूब त्या साडी वाळवणाऱ्या बाईचा आवाज होता.

देव खाली टॅब्लेटकडे बघत राहिला. त्यालाही अवघड झालं होतं, कान लाल झाले होते. "मावशी, आपल्यातला आहे म्हणूनच मी करू शकत नाही. आय रियली कान्ट." मग घड्याळ पाहून म्हणाला, "साडेबारापर्यंत मी इथे आहे. तोपर्यंत खुर्ची आली तर मी ती बघेन. नाही आली तर मिसिंग लिहावं लागेल."

बारा वाजायला दहा मिनिटं होती. श्रीरंगने विनीताला फोन लावला. ती वडिलांना घेऊन प्लास्टर दाखवायला गेली होती, नुकतीच तिथून निघत होती. "येते, येते," म्हणाली, पण हायवे सिक्सवर दुपारी काय चालतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आम्ही तिघं वाट बघत बसलो. शेजारच्या कराटेच्या क्लासमध्ये सुट्टीतली पोरं एका सुरात ओरडत होती. देवने उरलेली खोकी तपासली, सगळं बरोबर निघालं. श्रीरंग दोनदा पाणी घेऊन आला, दोन्ही वेळा मी घेतलं नाही.

बारा पंचवीसला विनीताची गाडी दारात लागली. तिने डिकीतून खुर्ची काढली, उघडली, वडिलांना बसवलं आणि ढकलत आत आणलं. मुरलीधरकाका ऐंशीच्या आसपासचे, हडकुळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. विनीता आल्या आल्या रडवेली झाली. "नीलाताई, सॉरी हो, मला माहीतच नव्हतं..."

"सीरियल नंबर सीटखाली आहे," देव मला हळूच म्हणाला. "आणि फोटो रिकाम्या खुर्चीचा लागतो."

मी काही म्हणायच्या आत काकांना कळलं. त्यांनी विनीताचा हात बाजूला केला, काउंटरची कड पकडली आणि एका पायावर उभे राहिले. "घ्या फोटो," म्हणाले. "सावकाश घ्या, मला घाई नाही."

देवने खुर्ची आडवी केली, नंबर शोधला, फोटो काढला. तो हलला म्हणून पुन्हा काढला. काकांनी काउंटरची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. कपाळावर घाम आला होता आणि ते समोरची माझी पाटी वाचत होते. 'कोणतीही वस्तू उसनी मिळणार नाही.' ती फाडून गिळून टाकावी असं मला वाटलं. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"झालं," देव म्हणाला. आम्ही काकांना घाईघाईने खुर्चीत बसवलं. देवने टॅब्लेटवर खूण केली आणि मग अगदी सहज विचारलं, "सो, ही खुर्ची आता परत यांच्याबरोबर जाणार?"

विनीता खुर्चीच्या मुठी सोडून मागे सरकली.

"जाऊ शकते," तो म्हणाला. "पण विथ पेपर."

श्रीरंगने माझ्याकडे पाहिलं. ठणकावून म्हणेन, असं मी म्हणाले होते ना? आता म्हणा. मी गठ्ठ्याचं प्लास्टिक फाडलं, एक फॉर्म काढला, पेन काढलं, आणि काकांसमोर जाऊन उभी राहिले. जो माणूस मोडक्या पायाने माझ्यासाठी उभा राहिला त्याला कसं म्हणू की सही करा? चार महिने मी नवऱ्याला टोमणे मारले, पण एकाही माणसासमोर मी स्वतः तो कागद धरला नव्हता. काउंटरवर त्याला बसवून मी मागच्या खोलीतून ओरडत होते. ओरडायला काय लागतं?

"काका," मी म्हणाले, "तुम्हाला राग येणार नसेल तर... एक सही..."

काकांनी कागद माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. खिशातून चष्मा काढला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"हा कागद तुमच्याकडे होता?" त्यांनी विचारलं. "पहिल्यापासून होता?"

"हो," श्रीरंग म्हणाला. "पण आपल्याच माणसांकडून काय सही घ्यायची, म्हणून..."

"अहो साहेब," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला, "एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो मी. मॅनेजरच्या सख्ख्या मेव्हण्याला सहीशिवाय एक नट दिला नाही. आणि इथे चार आठवडे या खुर्चीत चोरासारखा बसलोय. कुणाची आहे, किती दिवस ठेवायची, काही कागद नाही. लेकीला विचारलं तर म्हणते, बाबा, दिलीय ना त्यांनी, बसा. रोज बसताना टोचायचं मला. हे आधी का नाही दिलंत?"

मी त्यांच्या हातात पेन दिलं.

काकांनी मांडीवर फॉर्म ठेवून ठळक देवनागरीत नाव लिहिलं. मग पेन थांबलं. "सीरियल नंबरची जागा रिकामी आहे," म्हणाले. देवने तो वाचून दाखवला, काकांनी लिहिला, पुन्हा वाचून घेतला, सही केली, खाली तारीख घातली आणि कागद माझ्या हातात दिला.

"आता माझी कॉपी," ते म्हणाले.

मी कॉपी काढून दिली. त्यांनी तिची चार घड्यांची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मग पाठ टेकून बसले. आल्यापासून ते पाठ न टेकता बसले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

देव गेला. जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला नाही, की काही सांगितलंही नाही. फक्त म्हणाला, "टेक केअर, मावशी." ऑगस्टच्या तेवीस तारखेला पत्र आलं. नंबर मिळाला होता. रोझेनबर्गच्या मॅनेजरला मी त्याच दिवशी फोन केला. काउंटरवरची ती पाटी मी आधीच काढली होती. तिच्या जागी फॉर्मचा गठ्ठा असतो आणि काउंटरवर आता मी बसते. सही मागितली म्हणून आजवर कुणीही रागावलेलं नाही. एक बाई तर म्हणाली, बरं झालं, म्हणजे आता हक्काने नेता येईल.

काका ऑक्टोबरात परत गेले. जायच्या दोन दिवस आधी स्वतः चालत दुकानात आले, मागून विनीता खुर्ची ढकलत होती. खुर्ची पुसून लख्ख केलेली, चाकांना तेलसुद्धा घातलेलं. खिशातून त्यांनी ती घडी घातलेली कॉपी काढली. त्यावर खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती: 'वस्तू सुस्थितीत परत केली.' पुढे एक रेघ मारून जागा सोडली होती.

"इथे तुमची," ते म्हणाले आणि पेन पुढे केलं.

श्रीरंग हसायला लागला. मी चष्मा लावला, पूर्ण कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि सही केली.